दिवा कोणाचा?

आमच्या घरी नवीन माणूस आला की पाणी प्यायच्या आधी तो वर बघतो. पडवीच्या तुळईला ओळीने रस्त्यावरचे जुने दिवे टांगलेले आहेत. एनॅमलच्या थाळीसारख्या टोप्या, बाहेरून हिरव्या नि आतून पांढऱ्या. बिडाचे वाकडे पाइप. काळ्या बॅकेलाइटचे होल्डर. पाऱ्याच्या दिव्याची भोपळ्याएवढी पेटी. सोडियमचे लांबट डबे. एकूण सतरा नग, आणि सगळे चालू आहेत. पाहुणा विचारतो, "दुकान काढायचं चाललंय का?" आतून मंडळी उत्तर देतात, "दुकान असतं तर दोन पैसे तरी घरात आले असते."

मी आयटीआय करून नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात वायरमन म्हणून लागलो आणि 2020 साली निवृत्त होऊन गावी आलो. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या पिढीच्या तोंडातून नगरच निघतं. आमचं गाव नगर-दौंड रस्त्याच्या पट्ट्यात. जवळच अकोळनेर आहे, फुलशेतीचं गाव म्हणून नावाजलेलं. दसरा-दिवाळीला लोक शेवंती घेतात ती बरीचशी या बाजूच्या रानातली असते. शेवंतीचं नाव आत्ताच घेऊन ठेवतो, पुढं तिच्याशी गाठ आहे.

निवृत्त माणसाला छंद लागतो तसा मला हा लागला. केंद्र सरकारचा पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम 5 जानेवारी 2015 ला सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत गावोगावच्या खांबांवर एलईडी चढले. त्यात वावगं काही नाही. जुनी 40 वॉटची ट्यूब अन् वर तिचा चोक दहाएक वॉट खाणार, तिथं 18-20 वॉटमध्ये काम भागायला लागलं. पण खाली उतरवलेले जुने दिवे पंचायतीच्या मागल्या खोलीत ढिगानं पडले. पुढं निर्लेखन झालं, लिलाव झाला. भंगारवाल्यानं जी बोली लावली तिच्यावर मी किलोमागं थोडं चढवून काही नग घेतले. ग्रामसेवक म्हणाले, "नाना, पावती कशाला? भंगार तर आहे." मी म्हटलं, पावती पाहिजे. पावतीशिवाय मी हात लावणार नाही.

त्यांना ते विचित्र वाटलं असेल. त्याचं कारण चाळीस वर्षं मागं आहे. ते सांगण्याआधी हे काम कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण पुढचा विचार मला ह्या कामात हात गुंतलेले असतानाच सुचत गेला.

भंगारातला दिवा घरी आणला की थेट लायनीवर लावायचा नसतो. आधी सगळं खोलायचं. आतली सुती आवरणाची वायर कुजलेली असते, ती फेकायची आणि उष्णता सोसणारी वायर भरायची, कारण डब्यात भट्टीसारखं तापतं. होल्डर स्क्रूचा असेल तर फेज मधल्या टिपेला आणि न्यूट्रल बाहेरच्या आट्यांना गेलाच पाहिजे. उलटं झालं तर दिवा लागतो, पण बल्ब बदलणाऱ्याला झटका बसू शकतो. लोखंडी अंगाला अर्थिंग द्यायचं. मग सिरीजचा दिवा. म्हणजे तपासायच्या वस्तूच्या आधी एक साधा बल्ब जोडायचा. वस्तूत शॉर्ट असेल तर तो बल्ब लख्ख पेटतो आणि तेवढ्यावर निभावतं. ना फ्यूज उडत, ना काही जळत.

पाऱ्याच्या दिव्याची एक खोड आहे. बटण दाबल्यावर पूर्ण उजेड यायला त्याला चार-पाच मिनिटं लागतात. एकदा पेटल्यावर क्षणभर जरी लाइट गेली, तरी तो विझतो आणि चांगला थंड होईपर्यंत पुन्हा लागत नाही. लहानपणी चौकातला दिवा असा गेला की आम्ही म्हणायचो, "रुसला." घरातले बल्ब लागलेले असायचे आणि चौक अंधारात. सोडियमचा दिवा त्याहून लवकर सावरतो, पण त्याला पेटायला इग्नायटर लागतो. तो काही हजार व्होल्टचा ठोका देतो, म्हणून पेटवताना होल्डरजवळ हात न्यायचा नाही. सोडियमचा उजेड पिवळा, ओल्या गुळासारखा. त्याच्याखाली पांढरं काय अन् पिवळं काय, सारखंच दिसतं. पाऱ्याचे दिवे आता जगभरच मागं पडले. 2013 च्या मिनामाता करारात त्यांना 2020 पर्यंतची मुदत दिली होती. माझ्याकडं आहेत ते फोडायचे नाहीत, भंगारातही टाकायचे नाहीत, असा घरात दंडक आहे. आत पारा आहे.

आता चाळीस वर्षांमागचं.

आमचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, ग्रामपंचायतीचे शिपाई होते. दवंडी द्यायची, टाकीत पाणी सोडायचं, सभेच्या सतरंज्या घालायच्या, अन् दिवेलागणीला गावचे दिवे लावायचे. गावात वीज आली तेव्हा मी नुकता शाळेत जायला लागलो होतो. खांबावरच्या लाकडी पेटीत एक मोठा खटका असायचा. तात्या तो वर करायचे आणि अकरा खांबांवरचे अकरा बल्ब एकदम लागायचे. मला वाटायचं, आपल्या तात्यांएवढा मोठा माणूस गावात नाही. अकरावा खांब गावकुसाबाहेरच्या वस्तीच्या तोंडाशी होता. त्याच्या पुढं वस्ती, पण खांब नव्हता. अकरावर गाव संपलं, असं कुणीतरी कागदावर ठरवलेलं होतं.

1978 साली मी दहावीला होतो. परीक्षा मार्चात, अन् फेब्रुवारीत आमच्या घरातला बल्ब उडाला. घरात तेवढा एकच. तात्यांचा पगार दोन महिने रखडलेला. दुकानदाराची उधारी आधीच फुगलेली. दोन रात्री मी चिमणीपुढं बसलो, तिसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर होल्डरला बल्ब. साठ वॉटचा. पंचायत आपल्या बल्बांवर तांबड्या रंगाचा ठिपका द्यायची, चोरी कळावी म्हणून. या बल्बावरचा ठिपका पात्यानं खरवडला होता, पण काचेवर गुलाबी डाग राहिला होता. मी त्या डागाकडं बघत राहिलो. तात्या म्हणाले, "आभ्यास कर. बाकीचं इचारू नको."

मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. संध्याकाळी परसाकडं गेलो तेव्हा दहा दिवे दिसले.

तात्यांचा हिशोब मला आजही कळतो. अकराव्या खांबाखालून रात्री जाणार कोण? वस्तीवरची चार माणसं. त्यांना काय, अंधाराची सवय. परीक्षा झाली की पुन्हा लावून टाकू. पंचायतीचा बल्ब म्हणजे काय कुणाच्या बापाचा आहे? गावात हे वाक्य कितीदा ऐकलंय त्याला गणती नाही. जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, आणि जे कुणाचंच नाही ते ज्याच्या हाताला लागलं त्याचं. तात्यांच्या हाताला शिडी होती.

वस्तीवर एक म्हातारी होती, तिला लहानथोर सगळे माय म्हणत. पहाटे अंधारात ती विहिरीवरून हंडा घेऊन यायची. त्या महिन्यात एका पहाटे अकराव्या खांबाजवळच्या दगडांत ती ठेचकाळून पडली. मनगट मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, पण हात वाकडाच जुळला. मी ते आईच्या तोंडून ऐकलं तेव्हा त्याच बल्बाखाली बसून भूमितीतलं प्रमेय पाठ करत होतो. तात्या जेवत होते. त्यांचा घास थांबला, मग पुन्हा सुरू झाला. कुणी काही बोललं नाही.

मला फर्स्ट क्लास मिळाला. निकालाच्या दिवशी माय आमच्या दारात आली. पंचायतीच्या शिपायाचं पोरगं फर्स्ट क्लासात आलं याचं तिला अप्रूप. तिनं माझ्या तोंडावरून हात उतरवले अन् दृष्ट काढायला बोटं कानशिलावर मोडायला गेली. उजव्या हाताची बोटं कडकड मोडली. डावा हात कानशिलापर्यंत पोचलाच नाही.

आणि तो बल्ब? साध्या बल्बचं आयुष्य साधारण हजार तासांचं. तो परत खांबावर गेलाच नाही, आमच्याच घरात उडाला. तात्या गेले त्याच्या आदल्या वर्षी पडवीत बसले असताना आपणहून एवढंच म्हणाले, "तेवढा बल्ब परत लावायचा राह्यला बघ."

शाळेत आम्हाला सांगत, अमके थोर पुरुष रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून शिकले. गुरुजी सांगायचे तेव्हा वर्गातले सगळे माना डोलवायचे, मी खाली बघायचो. कारण त्या गोष्टीतला मुलगा दिव्याखाली जाऊन बसतो. दिवा जागेवर राहतो. येणारा-जाणारा त्याच उजेडात घरी जातो, मुलाचा अभ्यास होतो आणि कुणाचं काही कमी होत नाही. मी दिवा घरी आणला होता.

पुढं मी स्वतःची घरपट्टी भरायला लागलो तेव्हा पावतीवर एक रकाना दिसला: दिवाबत्ती कर. रक्कम किरकोळ असते, पण रकाना वेगळा असतो. वस्तीवरची घरंही हा कर भरत होती. म्हणजे अकरावा बल्ब 'कुणाचाच नाही' हे खोटंच होतं. तो मायचाही होता, कागदोपत्री, पैसे मोजून. पण तिच्या हाताला शिडी नव्हती, आणि बल्ब गेला म्हणून कुणाकडं जाऊन बोलायची सोयही नव्हती. तक्रार नोंदवून घेणारा माणूस म्हणजे तात्याच.

म्हणून मी ग्रामसेवकांकडं पावतीसाठी अडून बसलो होतो. पावती फायलीत लावली आणि काही दिवस मला बरं वाटलं. आपण कुणाचं काही उचललेलं नाही, रीतसर घेतलंय. पण पावतीनं एवढंच ठरतं की वस्तू चोरीची नाही. रस्त्याचा दिवा पडवीत टांगून मी त्याचं काय करतोय, याचं उत्तर पावतीवर नव्हतं.

ते उत्तर मला 2021 च्या पावसाळ्यात सापडलंय असं वाटलं. त्या साली राज्यात अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज थकबाकीपोटी तोडली गेली. बिल कुणी भरायचं यावर वर कागदांची ये-जा चालू होती आणि खाली गावं अंधारात. आमचंही गाव त्यात होतं. जुलै महिना, आभाळ भरलेलं, रस्त्यात चिखल. आमचं घर गावाच्या कडेला, वस्तीकडं जाणारी वाट माझ्या भिंतीला लागून जाते. म्हणजे तात्यांच्या अकराव्या खांबाचीच वाट.

मी ठरवलं, माझ्या मीटरवर दिवा लावायचा. पंचायतीच्या ढिगातलाच 150 वॉटचा सोडियम काढला. चोक, इग्नायटर, कपॅसिटर नवीन घातले. भिंतीला बिडाचा पाइप ठोकला आणि दिव्याचं तोंड रस्त्याकडं केलं. चोक धरून रात्रीला दोनेक युनिट जाणार होते, महिन्याला साठ. मंडळी म्हणाल्या, "पेन्शन काय रस्त्यावर ओतायचीय का?" पण त्यांनाही आतून बरं वाटलं असावं, पहिल्या दिवशी त्यांनीच हळदकुंकू लावलं. दिवा पेटला. आधी अंधूक तांबडा, मग पिवळा, मग सगळी वाट उजळली. वस्तीवरची पोरं पळत आली. मी अंगणात उभा राहून मनात म्हटलं, तात्या, लावला बघा परत.

तेव्हा मला वाटलं होतं, माझी गोष्ट इथं संपली. पूर्वी दिवा घेतला, आता दिला, हिशोब मिटला. पुढचे तीन महिने मी त्या समाधानात काढले.

वाटेच्या पलीकडं आप्पाचं रान आहे. आप्पा भावकीतला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्यानं तिथं शेवंती लावली होती. सप्टेंबर सरत आला तेव्हा एका रात्री तो आला आणि ओट्यावर बसला. तंबाखू मळली. बराच वेळ दिव्याकडं बघत राहिला.

"दिवा लई चांगला हाय तुझा," तो म्हणाला.

"झकास चालतोय."

"जरा लईच चांगला हाय." मग तो उठला. "चल, तुला एक दाखवतो. ब्याटरी घेऊ नको, तुझ्याच दिव्यात दिसंल."

आम्ही बांध ओलांडून रानात शिरलो. लांबच्या सऱ्यांत शेवंतीला कळ्या धरल्या होत्या, मिऱ्याच्या दाण्यांसारख्या. भिंतीकडच्या चार सऱ्या मात्र गुडघ्याच्या वर वाढलेल्या, हिरव्यागार, दृष्ट लागावी अशा, अन् एकाही झाडाला कळी नाही. आप्पानं बोट दाखवलं. बांधावरच्या लिंबाच्या खोडाची सावली त्या चार सऱ्यांवर आडवी पडत होती. जेवढी सावली, तेवढ्याच पट्ट्यातल्या झाडांना कळ्या होत्या. कुणी रेघ मारून दिल्यासारख्या.

"सूनबाईच्या आधी ध्यानात आलं," आप्पा म्हणाला. "ती म्हनली, मामंजी, सावलीतल्याच झाडांना कळी कशी? मग पुतण्याला इचारलं."

त्याचा पुतण्या राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला. त्यानं सांगितलं ते असं. शेवंतीला फूल धरायला रात्र मोठी लागते, आणि ती सलग अंधाराची लागते. दिवस लहान होत चालले हे झाडाला रात्रीच्या लांबीवरून कळतं. रात्री उजेड पडत राहिला तर झाडाच्या लेखी अजून उन्हाळाच असतो. ते नुसतं पाल्यानं वाढतं. पॉलिहाऊसवाले तर फूल लांबवायला मुद्दाम रात्रीचे बल्ब लावतात. सडकेच्या दिव्याखालचं सोयाबीन असंच हिरवं राहतं, शेंगा धरत नाही. म्हणजे त्या पावसाळ्यात मी फुकटात, रोज रात्री, आप्पाच्या चार सऱ्यांना खोटं सांगत होतो की दिवस अजून मोठाच आहे.

दसरा 15 ऑक्टोबरला होता. शेवंतीचं सगळं गणित दसरा-दिवाळीवर असतं. पुढं भाव ढासळतो. मी म्हटलं, "आप्पा, नुकसान किती ते सांग, मी भरून देतो."

तो म्हणाला, "पैशाचं ऱ्हाऊ दे."

"पण मग इतके दिवस बोलला का नाहीस? तुला ऑगस्टातच शंका आली असंल."

आप्पानं तंबाखू थुंकली. "कसं बोलायचं? सारं गाव म्हणतंय, नानानं सोताच्या पैशानं दिवा लावला, पुण्याचं काम केलं. तिथं मी येऊन म्हणू, दिवा बंद कर? मीच वाईट ठरलो असतो. लावायच्या आधी इचारलं असतंस, तर तव्हाच सांगितलं असतं."

मी त्या रात्री दिवा बंद केला. त्या सऱ्यांना पुढं फुलं आली, पण दिवाळी उलटल्यावर.

झोप लागली नाही. आप्पाचं वाक्य डोक्यात फिरत होतं. तात्यांनी बल्ब काढला तेव्हा माय बोलू शकली नाही, कारण तात्या पंचायतीचे आणि ती गावकुसाबाहेरची. मी दिवा लावला तेव्हा आप्पा बोलू शकला नाही, कारण मी चांगलं काम करत होतो. एकीकडं चोरी, एकीकडं दान. दोन्हींत दिवा कुठं असावा हे शिडी ज्याच्या हातात त्यानं ठरवलं. ज्याच्या अंगावर उजेड पडणार किंवा पडायचा थांबणार, त्याला कुणीच विचारलं नाही. चोरीबद्दल निदान तात्यांना आयुष्यभर टोचत तरी होतं. माझ्या दानाबद्दल मला तीन महिने फक्त बरं वाटत होतं. आणि मला तर वाटतं, दाता जास्त अवघड. चोराला कुणी तरी कधी तरी चोर म्हणतं. दात्याला नको म्हणणारा माणूस कृतघ्न ठरतो.

आपल्याकडं सार्वजनिक कामाची परंपरा मोठी आहे. आमच्या जिल्ह्यातल्या चौंडीला 1725 साली जन्मलेल्या अहिल्यादेवींनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. गावोगावी देवळापुढं दीपमाळ असते, उन्हाळ्यात पाणपोई असते. पण पाणपोईत आणि दिव्यात एक फरक आहे, तो माझ्या ध्यानात आला नव्हता. पाणपोईचं पाणी तहानलेला स्वतः येऊन पितो. तहान नसलेला पुढं जातो, त्याच्या अंगावर कुणी पाणी ओतत नाही. उजेड तसा नाही. तो मागणाऱ्यावर पडतो तसा न मागणाऱ्यावरही पडतो. दीपमाळ वर्षातल्या ठरलेल्या दिवशी लागते आणि तेल संपलं की विझते. मी मात्र रोज अकरा तास ओतत होतो.

पुढच्या वर्षी, 2022 च्या जूनच्या सुरुवातीला, मुलगा आम्हाला अकोल्याकडं भंडारदऱ्याला काजवे दाखवायला घेऊन गेला. पावसाच्या तोंडावर त्या डोंगरांत हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजव्यांचे थवे लागतात. वाट दाखवणारा तिथलाच आदिवासी पोरगा होता. त्यानं सगळ्यांना मोबाइलचे दिवे बंद करायला लावले. म्हणाला, ही त्यांची बोली आहे. नर चमकून मादीला बोलावतो, तुमचा दिवा पडला की तिला काही दिसत नाही. गाडीचे दिवेसुद्धा लांबूनच विझवले होते. जन्मभर दिवे जोडण्यात गेलेला मी माणूस, अंधारात उभा राहून पहिल्यांदा ऐकत होतो की कुणाचं तरी बोलणं उजेडानं बंद पडतं. आणि त्याच पोराच्या पाड्यावर परतीच्या वाटेला एक दिवा असता तर बरं, असंही तोच पोरगा म्हणाला. दोन्ही खरंच. कुठं पाहिजे आणि कुठं नको हे त्याला ठाऊक होतं, कारण तो तिथं राहतो.

आमच्याकडं काय झालं ते सांगायचं राहिलं. दिवा बंद केल्याच्या चौथ्या दिवशी वस्तीवरच्या दोघी-तिघी आल्या. "नाना, दिवा का वो बंद केला? पोरी क्लासवरनं येत्यात, वाटंला इचूकाटा." त्यांचंही बरोबर होतं. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन माणसं, एकाला अंधार हवा, एकाला उजेड, आणि दोघांचंही मागणं रास्त. आता मी एकट्यानं ठरवायचं धाडस केलं नाही. आप्पाला बोलावलं, त्यांना बसवलं, चहा केला आणि विचारलं: दिवा कुठं पाहिजे, कधी पाहिजे, कुठं नको?

हे सारं तासाभरात मिटलं, याचीच मला लाज वाटली. बायकांना अख्खी रात्र उजेड नकोच होता. संध्याकाळी सात ते दहा आणि पहाटे पाण्याच्या वेळेला. माझ्या भिंतीपाशी तर नकोच होता. वाट वळते तिथं, नळाजवळ पाहिजे होता. "घरावर नगं, लेकरं झोपत न्हाईत," एक जण म्हणाली. आप्पाची अट एकच: रानाकडं उजेड जाता कामा नये. वीस वर्षांपूर्वी अक्षय प्रकाश योजनेत गावंच्या गावं असंच बसून ठरवत होती, की संध्याकाळी शेतावरच्या मोटारी बंद ठेवायच्या आणि त्या बदल्यात घरात दिवे चालू राहायचे. माणसं विचारलं तर ठरवतात.

निघताना त्यांच्यातली एक मागं राहिली. मायची नातसून. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच नाही. मी तिला 1978 चा बल्ब सांगितला, तांबड्या ठिपक्यासकट. तिनं पदर सारखा केला. म्हणाली, "म्हातारीला ठावं व्हतं की. ती सांगायची आमाला. म्हनायची, पोरगं शिकतंय, आपुन काय बोलायचं."

ते मोठ्या मनानं म्हणाली होती, की दुसरा इलाजच नव्हता म्हणून, हे आता कुणाला विचारणार? मोठं मन म्हटलं की मला सुटल्यासारखं वाटतं, म्हणूनच त्यावर माझा विश्वास बसत नाही. बहुतेक वेळा ज्याला बोलता येत नाही त्याच्या गप्प बसण्याला आपण मोठं मन म्हणतो.

आता नळाजवळच्या भिंतीवर पंचायतीच्या ढिगातली जुनी एनॅमलची टोपी आहे. आत 9 वॉटचा एलईडी. रानाच्या बाजूनं पत्र्याची झालर रिव्हेट केली आहे, त्यामुळं उजेड वाटेपुरताच पडतो. वीज माझ्या मीटरवरची, पुढं गळतीला तुटणारा ब्रेकर लावलाय. बटण मात्र माझ्या घरात नाही. रस्त्याच्या बाजूला, छातीएवढ्या उंचीवर, पावसाच्या डबीत बसवलंय. बाईमाणसाचा हात सहज पोचेल एवढ्या उंचीवर. मंडळी म्हणाल्या, "कुणी रात्रभर चालू ठेवलं तर?" मी म्हटलं, ठेवू दे, एक युनिटसुद्धा जायचं नाही.

मध्यंतरी पथदिव्यांची वीज परत आली, खांब पुन्हा लागायला लागले. तरी हे बटण मी काढलेलं नाही. पडवीतले सतरा दिवे सोळा झाले. रात्री अंथरुणावर पडलो की दहाच्या सुमाराला बाहेर 'टक्' असा आवाज येतो. कुणी बंद केला ते मी बघायला जात नाही.